दीड हजार कागदांमागे एक

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं कापड. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. सुमारे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहून काढलं, सोळाशेच्या आसपास ओव्या. हा माणूस लिहायला बसला की कागद पुरत नसावा. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा आहे, आणि त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आठवण सांगतात.

लिहिणाऱ्याच्या हाताचं नवल वाटावं हे तर आहेच. मला मात्र पासोडीचा विचार आला की एक हिशेबी प्रश्न सतावतो. मधलीच कुठलीतरी ओवी हवी असेल तर काय करायचं? ज्याला ग्रंथ पाठ आहे तो सांगेल, 'एवढे हात उलगडा.' ज्याला पाठ नाही त्याने एका टोकापासून उलगडत जायचं आणि वाचत जायचं, ओवी सापडेपर्यंत. कापडावर सगळं आहे. कुठं आहे, ते मात्र कापडाला सांगता येत नाही.

आता चारशे वर्षं ओलांडून या. बँका, विमा कंपन्या, मोठाली सरकारी डेटा सेंटरं आपल्या माहितीची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, कशावर ठेवतात? झगमगत्या यंत्रांची कल्पना केली असेल तर जरा थांबा. अनेक ठिकाणी ती प्रत अजूनही एका लांबलचक पट्टीवर असते. एलटीओ नावाची चुंबकीय टेप मिळते. तिची नववी पिढी घेतली तर अर्धा इंच रुंद, एक किलोमीटरहून थोडी जास्त लांब, आणि एवढी पातळ की सगळी गुंडाळी तळहातावर मावणाऱ्या डबीत बसते. त्या डबीत १८ टेराबाइट माहिती राहते. डबी फडताळात ठेवली की वीज लागत नाही, आणि जी टेप यंत्रात घातलेलीच नाही तिला इंटरनेटवरून कुणी हात लावू शकत नाही. माहिती सांभाळायला पासोडीचाच आकार पुन्हा कामाला आला, याची मला फार गंमत वाटते.

पासोडीची अडचणही मग सोबत आलीच. ही टेप पूर्ण वेगानं, सेकंदाला ४०० मेगाबाइट अशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायची म्हटली तर साडेबारा तास लागतात. एका डबीला साडेबारा तास. कपाटात अशा पाचशे डब्या असतील तर तुम्हीच गुणाकार करा. म्हणून बॅकअपच्या प्रत्येक व्यवस्थेत टेपेपासून वेगळी एक वही असते, तिला कॅटलॉग म्हणतात. कुठली फाइल कुठल्या डबीत, कितव्या जागी, कुठल्या तारखेची, एवढं त्यात लिहिलेलं असतं. वही शाबूत असेल तर यंत्र मिनिट-दीड मिनिटात नेमक्या जागी पट्टी सरकवतं. वही हरवली तर एकेक डबी पुन्हा पहिल्यापासून वाचून वही नव्यानं लिहावी लागते.

पण ही वहीसुद्धा फाइलीचं फक्त नाव सांगते. फाइलीच्या पोटात काय आहे ते तिला ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २००३ साली हाच पेच उभा राहिला. लॉरा झुबुलेक या कर्मचारी बाईंनी यूबीएस वॉरबर्ग या बँकेवर भेदभावाचा दावा लावला होता, आणि त्यांना हवा असलेला पुरावा जुन्या ईमेलांत होता. ईमेल बॅकअप टेपांवर होते, टेपा ७७. सगळ्या उलगडायच्या तर खर्च कुणी करायचा, यावर न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी आधी नमुन्यादाखल पाच टेपा उघडायला लावल्या. त्या पाचांवर १९ हजार डॉलर खर्ची पडले आणि कामाचे सुमारे सहाशे ईमेल निघाले. उरलेल्या ७२ टेपांसाठी पावणेतीन लाख डॉलरांचा अंदाज बँकेनं मांडला. शेवटी २००५ साली ज्यूरीनं बाईंच्या बाजूनं दोन कोटी नव्वद लाख डॉलरांहून अधिक रकमेचा निकाल दिला, आणि जगभरातल्या कंपन्यांच्या ध्यानात आलं की आपण सगळं नीट ठेवलं खरं, पण ठेवलेल्यातलं काढायचं कसं, हे ठरवलंच नव्हतं.

याहून कितीतरी मोठा असा शोध मराठवाड्यानं २०२३ मध्ये पाहिला.

त्या वर्षी सप्टेंबरात राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काम असं: मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले जुने अभिलेख धुंडाळून कुणबी असा उल्लेख असलेल्या नोंदी शोधायच्या. खासरा पत्रकं, पहाणी पत्रकं, कोतवालाची जन्ममृत्यूची बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, निजामी काळातले दस्त. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुख्यमंत्र्यांनी आकडे सांगितले: एक कोटी ७२ लाख कागद तपासले, ११,५३० नोंदी सापडल्या. त्याच दिवशी माजलगावात आणि बीडमध्ये घरं जळाली. मराठा आरक्षणाच्या त्या वादात इथं शिरायचं नाही. त्याची बाजू घेणारे आणि खोडणारे दोघेही माझ्याहून जाणते आहेत. मला त्या आकड्यांतलं कारकुनी आश्चर्य सांगायचं आहे. भागाकार केला की साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद येते.

हा हिशेब जरा सावकाश बघू. एका कागदाला एक मिनिट धरलं, म्हणजे फारच कमी धरलं, आणि एकाच माणसानं रोज आठ तास, पोळ्याची नाही की दिवाळीची नाही, एकही सुट्टी न घेता काम केलं, तर एक कोटी ७२ लाख कागद संपायला ९८ वर्षं लागतील. आता दुसरं दृश्य डोळ्यापुढे आणा. तेच कागद, पण त्यांतल्या नोंदींची एक वर्णक्रमानं लावलेली यादी हाताशी आहे. यादी मधोमध उघडायची. हवं ते नाव या पानाच्या आधी की नंतर? एका प्रश्नात निम्मी यादी बाद. उरलेली पुन्हा मधोमध उघडायची. असं करत एक कोटी ७२ लाखांतून एका नावापर्यंत पोचायला किती प्रश्न लागतात? पंचवीस. चहा कपात ओतेपर्यंत उरकणारं काम.

एकीकडे ९८ वर्षं, दुसरीकडे पंचवीस प्रश्न, आणि मध्ये फक्त एक यादी. इंडेक्स म्हणतात तो हाच.

हा शब्द आपल्याला काही नवा नाही. ज्यानं प्लॉट घेतलाय, शेत घेतलंय, बहिणीचं हक्कसोड पत्र केलंय, त्याच्या तोंडी तो असतोच. 'इंडेक्स टू आणलाय का?' असं बँकेचा माणूस विचारतो आणि आपण मान हलवतो. मग इंडेक्स वन कुठं गेला, हे मात्र कुणी विचारत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५५ व्या कलमात चार सूची सांगितल्या आहेत. पहिली माणसांच्या नावांची: कुणी लिहून दिलं, कुणी लिहून घेतलं. दुसरी मिळकतीची. तिसरी मृत्युपत्र करणाऱ्यांची, चौथी उरलेल्या दस्तांतल्या माणसांची. दस्त तोच, वाटा दोन: माणूस माहीत असेल तर पहिली सूची, जमीन माहीत असेल तर दुसरी. गावच्या दप्तरातही तीच जोडी आहे. सातबारा जमिनीच्या नंबरावरून चालतो, आठ-अ खातेदाराच्या नावावरून. संगणकशास्त्रातले विद्यार्थी 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' इंडेक्स घोकतात, ते बीडच्या तलाठी सज्जात दोन शेजारच्या वह्यांत पडून असतं.

मग एवढ्या सूच्या असताना मराठवाड्यात कोट्यवधी कागद हातानं का चाळावे लागले? कारण विचारलेला प्रश्न कुठल्याच सूचीत नव्हता. सातबारा जमिनीचा नंबर विचारतो, आठ-अ नाव विचारतं. 'अमुक शब्द ज्या ज्या कागदावर आहे ते सगळे कागद दाखवा' असं दप्तराला यापूर्वी कुणी विचारलंच नव्हतं. सूची म्हणजे भविष्यातल्या प्रश्नाचा आजच केलेला अंदाज. अंदाज चुकला की पुन्हा पासोडी उलगडणं आलं.

यावरचा तोडगा वारकऱ्यांच्या घरात अर्धा तयार आहे. तुकारामांच्या गाथ्याच्या छापील प्रतीत शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते. अकारविल्हे, म्हणजे अ-आ-इ-ई या क्रमानं. किती देखणा शब्द आहे आणि आपण तो अडगळीत टाकला. साडेचार हजारांच्या घरातले अभंग, पण पहिला चरण आठवला की पान सापडतं. आता एखाद्या कीर्तनकाराला पहिला चरण आठवतच नाही, मधला एक शब्दच तेवढा जिभेवर आहे. सूची तिथं हात टेकते. समजा कुणी हट्टानं दुसरी सूची केली: गाथ्यातला प्रत्येक शब्द घ्यायचा आणि त्याच्यापुढे तो ज्या ज्या अभंगात येतो त्यांचे क्रमांक लिहायचे. 'कांदा' या शब्दापुढे एवढे क्रमांक, 'डोंगर' पुढे एवढे. दोन शब्द आठवत असतील तर दोन्ही ओळींत सामाईक असलेला क्रमांक बघायचा. गाथ्यात अभंगांतून शब्दांकडे जातो, इथं शब्दांतून अभंगांकडे. उलटा इंडेक्स म्हणतात तो हा, आणि इंटरनेटवर तुम्ही काहीही शोधता तेव्हा आत याचंच काम चाललेलं असतं. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात, सेंट-शेरच्या ह्यू यांच्या देखरेखीखाली, डॉमिनिकन साधूंनी बायबलच्या शब्दांची अशी सूची हातानं केली होती. त्यात किती साधूंचे डोळे गेले असतील! संगणकाला तेच काम कितीही वेळा सांगा, तो कुरकुर करत नाही. जागा वाचवायची युक्तीसुद्धा त्याच्याकडे आहे. १२०, १२३, १२९ असे क्रमांक असतील तर तो १२०, मग ३, मग ६ असं फक्त अंतर लिहून ठेवतो.

पण संगणकाला आधी शब्द दिसला पाहिजे, आणि बीडच्या दप्तराची खरी करामत इथं सुरू होते.

पहिली गोष्ट लिपीची. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. संस्थानाच्या कारभाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी, नंतर उर्दू. गावपातळीवरचं लिखाण पुष्कळसं मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं ओवत जातात. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. लिहिणाऱ्याचा हात थांबू नये म्हणून घडलेली ही लिपी आहे, आणि यंत्राला मात्र सगळ्यात आधी हेच हवं असतं की शब्द कुठं संपतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतेक वाचणाऱ्यानं मनानं भरायचे. तेव्हा एकाच गावचं नाव मोडीत एक दिसणार, उर्दूत दुसरं, आणि देवनागरीत कारकुनाच्या मर्जीनं तिसरं.

गावांची नावं तरी एक कुठं होती? अंबाजोगाईला निजामी अमलात मोमिनाबाद म्हणत. कुणी अंबेजोगाई लिहितो, कुणी आंबेजोगाई. खुद्द बीड इंग्रजी कागदांत भीर म्हणून दिसतं. तुम्ही 'अंबाजोगाई' शोधलं आणि इंडेक्सला मोमिनाबाद ठाऊक नसेल, तर तो सरळ सांगेल की या नावाचं काही नाही, आणि कागद तुमच्यापासून एका हातावर असेल. म्हणून चांगला इंडेक्स करणाऱ्याला भूगोल लागतो, इतिहास लागतो, आणि गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलण्याची सवडही लागते.

तारखांचं तेच. जुन्या कागदावर सन १३४० दिसला की दचकू नये, तो फसली सन आहे. दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १९३०-३१. जमिनीच्या नंबरांचं त्याहून वाईट. आजोबांच्या वेळचा सर्व्हे नंबर, एकत्रीकरण योजनेत झालेला गट नंबर, आणि या दोघांना जोडणारं नऊ-तीन, नऊ-चारचं पत्रक. ते पत्रक म्हणजे एका इंडेक्सवरून दुसऱ्या इंडेक्सवर जायचा पूल आहे. तो कागद फाटला की अलीकडचा काठ अलीकडे राहतो आणि पलीकडचा पलीकडे.

नावांबद्दल काय सांगावं. मारुती, मारोती, मारती. विठ्ठल, विठल, विठोबा. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये एका युक्तीचं पेटंट घेतलं: नाव जसं लिहिलंय ते बाजूला ठेवायचं, जसं ऐकू येतं त्याचा एक लहानसा संकेत करायचा, आणि सूची त्या संकेतावर लावायची. त्यामुळे स्मिथ आणि स्माइथ एकाच खणात पडतात. तीच कल्पना मारुती-मारोतीला लावता येते, फक्त संकेताचे नियम मराठी कानानं ठरवावे लागतात. आणि एखाद्या रकान्यात नुसतं 'कु.' असेल तर? ते कुमारी आहे की कुणबी, हे शेजारचा रकाना वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. इंडेक्स तयार करताना ही शंका खोडून टाकायची नसते, दोन्ही वाचनं नोंदवून ठेवायची असतात.

इथपर्यंत ठेवणं आणि शोधणं वेगवेगळं चाललं. आता दोन्ही एकत्र कसं होतं ते बघा, कारण मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट तीच आहे.

रोजच्या कामात कार्यालयातला एखादा कागद वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेसमोर येत नाही. गठ्ठा बांधलेला, वर धूळ. फक्त एक प्रसंग असा असतो की जेव्हा झाडून सगळे कागद, एकही न वगळता, एका जागेवरून सरकतात: प्रत घेताना. स्कॅनरच्या काचेवरून पान जातं तेव्हा, किंवा सर्व्हरमधली फाइल बॅकअपकडे निघते तेव्हा. माहिती स्वतःहून दारातून चालली आहे. तिला दारातच विचारून घ्यावं: तू कोण, कुठली, तुझ्या पोटात कुठले शब्द? पुन्हा कधी हे सगळं उलगडायला गेलो तर टेपेचे साडेबारा तास नाहीतर माणसाची ९८ वर्षं. निघतानाच विचारलं तर जवळजवळ फुकट. मोठ्या कंपन्यांच्या बॅकअप व्यवस्थांना इंडेक्स जोडण्याचा जो खटाटोप गेली वीसेक वर्षं चालला आहे त्याचं बीज एवढंच आहे. माहिती एकदाच वाचायची आणि त्या एकाच वाचनात प्रतही काढायची, सूचीही करायची.

आपल्याकडे ही संधी किती वेळा हुकली! कागद लिहिला गेला तेव्हा, गठ्ठ्यात बांधला तेव्हा, आणि नंतर पुष्कळ ठिकाणी स्कॅन झाला तेव्हाही. राज्यात जुने भूमी अभिलेख स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर बघायची सोय झाली, ती मोलाची आहे; जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार, नंबर असं उतरत गेलं की पान दिसतं. पण स्कॅन केलेलं पान यंत्राच्या लेखी छायाचित्रच असतं. त्यातला 'मारोती' यंत्राला दिसत नाही, जसा लग्नाच्या फोटोतला मामा नाव न सांगता ओळखू येत नाही.

दारात उभं राहून यंत्र आणखी एक गोष्ट करतं. येणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा ठसा घेतं. अंगठ्याच्या ठशासारखाच, पण गणितानं काढलेला; एसएचए-२५६ ही रीत वापरली तर ६४ अक्षरांचा. दस्त हजार पानांचा असो वा ओळीचा, ठसा तेवढाच, आणि मजकुरात एक स्वल्पविराम बदलला की सगळा ठसा वेगळा. हा ठसा आधीच वहीत असेल तर तो तुकडा पुन्हा ठेवायचा नाही, 'त्या तिथं आहे' एवढंच लिहायचं. एका शेतकऱ्याच्या सातबाराच्या झेरॉक्स कुठे कुठे जातात ते आठवा: सेवा सोसायटी, बँक, पीक विमा, ठिबकचं अनुदान. संगणकात एकाच फाइलीच्या अशा हुबेहूब प्रती पंचवीस ठिकाणी असतात आणि बॅकअपमध्ये एकच राहते. म्हणजे जागा वाचवणं आणि शोधून देणं ही एकाच वहीची दोन कामं झाली.

आता धोका. सोमवारची माहिती आणि बुधवारची सूची असं जुळवलं, तर सूची अशी दारं दाखवते ज्यांच्यामागे खोलीच नाही. गावाकडे याला वेगळा शब्द नाही, नुसतं 'आठ-अ आणि सातबारा जुळंना' म्हणतात आणि कपाळाला हात लावतात. म्हणून इंडेक्सची प्रत माहितीच्या प्रतीबरोबर, त्याच क्षणाची, ठेवावी लागते. आणि अधूनमधून दोन्ही जुळतात का, ते पडताळावं लागतं. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे बघायला राज्यात २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. गावात सातबारा मोठ्यानं वाचायचा, ज्याचा आहे त्यानं ऐकायचा, चूक असेल तर जागेवर सांगायची. जगातल्या कुठल्याही डेटा सेंटरमध्ये पडताळणीचे प्रोग्राम रात्री चालतात. पण ज्याची माहिती त्यालाच ऐकवून पडताळायची, ही रीत मला तरी दुसरीकडे आढळली नाही.

काय ठेवायचं नाही, तेही सूचीच सांगते. सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग असतात: अ कायमचे, ब तीस वर्षांचे, क-१ दहा, क पाच, ड एका वर्षाचे. वर्ग लिहिलेला नसेल तर कुणाची काडी ओढायची हिंमत होत नाही, सगळंच राहतं, आणि चहापाण्याच्या बिलाखाली मृत्यूची नोंद दबून जाते. मोठ्या संगणक व्यवस्थांची दुखणी हीच आहेत, फक्त तिथं धुळीऐवजी विजेचं बिल येतं.

आणि सगळं गेलंच तर? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, हजारो फायली गेल्या. अशा वेळी पहिला प्रश्न 'कुठून परत आणायचं' हा नसतो. आधी विचारावं लागतं की गेलं काय काय. जे जळालं त्याची यादी जर त्याच कपाटात असेल, तर आपण काय गमावलं हेसुद्धा कळत नाही. मग जिल्ह्याजिल्ह्यांतून, इतर कार्यालयांतून प्रती मागवत फायली पुन्हा उभ्या कराव्या लागतात.

मोडीच्या छायाचित्राला शब्द फुटायची वेळ आता जवळ येते आहे. रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दोन हजारांहून जास्त मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच जगापुढे ठेवला, आणि पान बघून सरळ देवनागरी लिहिणारं यंत्रही बनवलं. दोन हजार पानं कुठं आणि एक कोटी ७२ लाख कुठं, हे खरं. पण लहान मूल तरी मुळाक्षरं किती पानांवर शिकतं? यंत्र चुकेल. शिरस्तेदारही चुकायचे. जाणकार माणसानं यंत्राच्या वाचनावर नजर फिरवायची आणि दुरुस्ती सूचीत परत घालायची, असं चाललं तर दीड हजारांतला तो एक कागद शोधायला पुन्हा दीड हजार उलगडावे लागणार नाहीत. बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला निघणारं कुटुंब सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतं, पोराच्या दाखल्यासाठी पणज्याची नोंद लागते, आणि नोंद गावाकडच्या गठ्ठ्यात. मुकादमाची उचल घेतलेली. चार दिवस खाडा करून परत येणं परवडत नाही. सूची झाली तर त्या कुटुंबाला खोपटासमोर बसूनही ती नोंद आहे की नाही एवढं तरी कळेल. जातीचा, जमिनीचा उल्लेख असलेली सूची कुणी उघडावी आणि कुणी नाही, हा प्रश्न मग लगेच पाठोपाठ येतो. बंद गठ्ठ्याला निदान कुलपाची गरज नव्हती.

घरात जुना हस्तलिखित सातबारा असेल तर तो आज काढून बघा. नावांपैकी काही नावांना कंस घातलेला असेल. कंस म्हणजे ती नोंद संपली, पण खोडलेली नाही. तिच्याखाली नवं नाव. संगणकवाले यालाच आवृत्त्या जपणं म्हणतात. नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असेल, तो फेरफाराचा नंबर. प्रत्येक फेरफार म्हणजे कालपासून आज काय बदललं त्याची नोंद. बॅकअपसुद्धा रोज सगळं उचलत नाही. एकदा मूळ प्रत घेतो आणि पुढे फक्त बदल टिपत जातो. गाव नमुना सहामध्ये त्या आकड्याचा फेरफार काढा. वारसानं आली की खरेदीनं, ते कळेल, आणि त्याआधीच्या नावाशेजारी आणखी जुना आकडा भेटेल. तो धरून मागे जा. आजोबा, पणजोबा, विहिरीच्या वाटणीवरून झालेलं भांडण, एखादी आत्या जिचं नाव घरात कुणी काढत नाही. असं एकेक वर्तुळ ओलांडत १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत पोचता येतं. त्याच्या मागे वर्तुळं नाहीत. तिथून पुढे फसली सन, उर्दू रकाने, मोडीची एक अखंड रेघ, आणि तिच्याखाली कुठंतरी, दोन शब्दांत जागा न सोडता लिहिलेलं, तुमच्या पणज्याच्या बापाचं नाव.